आठ महिन्यांची मुंबई : माझगावच्या बंदरपट्ट्यातील हंगामी कोकणी

१८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये एक नोंद सहज येऊन जाते. मुंबईत कायम राहणारे ७१ हजार रत्नागिरीकर वेगळे. त्यांखेरीज एक लाखाहून अधिक कामकरी दरवर्षी पाऊस सरल्यावर मुंबईला जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर शेतीसाठी परततात. (आजच्या सिंधुदुर्गाचा काही भाग तेव्हा रत्नागिरीतच होता.)

१८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती ७,७३,१९६. म्हणजे शहराच्या सुमारे आठव्या हिश्श्याएवढी माणसे दरसाल भरती-ओहोटीसारखी येत-जात होती.

आल्प्समधील गावे बर्फ पडताच हिवाळ्यापुरत्या नोकरांनी भरतात. इथे वेळापत्रक मॉन्सूनचे होते, आणि ते विलक्षण जुळलेले होते. कोकणातले भात आश्विन-कार्तिकात कापून झोडून होई. डोंगरउतारावरच्या जमिनीत पावसाशिवाय दुसरे पीक क्वचितच. त्यात खोताचे देणे चुकवून घरात उरे ते जेमतेम. नेमका त्याच सुमारास खवळलेला समुद्र निवळून किनाऱ्यावरची वाहतूक सुरू होई आणि देशावरचा नवा कापूस गाठोड्या बांधून मुंबईकडे निघे. पावसाआधी तो जहाजांत चढवण्याची व्यापाऱ्यांना घाई, आणि ओझी उचलायला माणसे हवीत.

ती घाई जिथे दिसे तो पट्टा माझगावचा. खुद्द माझगावात पी. अँड ओ. कंपनीची गोदी होती. दक्षिणेला लागून १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक सुरू झाले. गोदीतले बरेचसे काम रोजंदारीचे. माणसे निवडी तो टोळीवाला. जहाज आले तर काम, नाही तर हात हलवत परत. अशा वेळी गावचा माणूस हीच ओळख आणि हीच हमी. एका गावच्या मंडळींनी मिळून खोली घ्यायची, पाळीपाळीने पथारी टाकायची, जेवण खाणावळीत आणि उरेल ते मनिऑर्डरने घरी, अशी ही राहणी.

या राहणीला ‘चाकरमान्यांचा जिव्हाळा’ म्हणून गोंजारण्याची आपल्याकडे सवय आहे. जिव्हाळा होताच, पण मजुरी एकट्या पुरुषाच्या पोटापुरती ठेवता येत होती, कारण बायकामुलांचा, म्हाताऱ्यांचा आणि आजाऱ्यांचा भार गाव उचलत होते. १९२१ मध्येही मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सुमारे ५२५ होत्या. उरलेल्या कुठे होत्या? पुष्कळजणी गावी, शेत भाजत आणि खोताचे तगादे ऐकत.

१८९६ च्या सप्टेंबरात, हंगाम सुरू होण्याच्या बेतात असताना, माझगावच्या दक्षिणेला मांडवीत प्लेग आढळला. त्या हिवाळ्यात प्रवाह उलटा फिरला. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. ज्यांना गाव होते ते निसटू शकले. ज्यांचे सारे मुंबईतच होते त्यांना ती वाट नव्हती. पगारात न मोजलेली गावची ती झोपडी आणि दोन गुंठे त्या वर्षी जीव वाचवण्याच्या कामी आले.

रोजच्या निवडीतली ही अनिश्चितता कमी करण्यासाठी गोदी कामगारांचा कायदा झाला तो थेट १९४८ मध्ये. खोती रद्द करण्याचे विधेयक बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्येच मांडले होते. तिचा कायदा १९४९ चा. माझगावच्या धक्क्यावरची मजुरी आणि कोकणातली खोती, दोन्हींना हात लागला तो असा एका वर्षाच्या अंतराने.