नाव नसलेल्या आजाराची रोजनिशी

गणपती आले की आमच्या इंदूरच्या मंडपात आरतीला उभे राहायला जागा उरत नाही. आमच्या थोरल्या वहिनी मात्र काही वर्षांपासून पाच मिनिटांत परत फिरत. "काल तर चांगल्या चालत होत्या, आज काय झालं?" असे आम्हीच घरात बोललो. पुढे डॉक्टरांनी 'मल्टिपल स्क्लेरोसिस' हे नाव सांगितले आणि आमची मान खाली गेली. तेव्हा या आजाराचा इतिहास वाचला, तो थोडक्यात मांडतो.

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डेस्टे. डिसेंबर १८२२ मध्ये एका आप्ताच्या अंत्यविधीला स्कॉटलंडला गेला असता त्याला अचानक पत्रे वाचता येईनात. काही उपचार न करताच नजर परत आली. पाच वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये एकाचे दोन दिसू लागले, पायांतले बळ गेले. वैद्यांनी जळवा लावल्या, दिवसातून दोनदा मांस आणि वर मद्य घ्यायला सांगितले. हे सारे त्याने रोजनिशीत लिहून ठेवले. १८४८ मध्ये तो वारला, पण आपल्याला काय झाले आहे हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही.

ते नाव मिळाले १८६८ मध्ये. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्टिन शार्को यांनी रुग्णांची लक्षणे आणि मृत्यूनंतर मेंदूत व मज्जारज्जूत दिसणारे कठीण चट्टे यांची सांगड घातली.

आम्ही विजेच्या कामातले डिप्लोमावाले, म्हणून आम्हाला हे असे उमगले: शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचे आवरण सोलते. तारेवरचे प्लास्टिक गेले की प्रवाह नीट पोचत नाही, तसेच हे. सूज उतरली की काही काळ बरे वाटते, म्हणून बघणाऱ्याला सोंग वाटते. १८९० मध्ये जर्मन नेत्रवैद्य उथॉफ यांनी नोंदवले की श्रमानंतर अशा रुग्णांची नजर मंदावते. शरीर तापल्याने असे होते, हे पुढे कळले. आमच्या वहिनी कापराच्या आणि गर्दीच्या उकाड्यातून का उठत, याचे उत्तर तिथे सापडले.

आजार मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. पण १९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन बीटाला मान्यता मिळाली आणि त्यानंतर झटके कमी करणारी अनेक औषधे आली. एमआरआयमुळे निदानही लवकर होते. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचे नाव आहे, म्हणजे प्रमाणपत्र मागता येते. आमच्यासारख्या कचेरीतल्या माणसांनी तरी हे शेजारीपाजारी सांगावे.

यंदा मंडपाच्या दाराशी, पंख्याखाली चार खुर्च्या राखून ठेवाव्यात, एवढीच कार्यकारिणीला विनंती. तिथे बसलेल्याला कोणी "काय झालंय?" म्हणून टोकू नये. डेस्टेला त्या प्रश्नाचे उत्तर कधीच मिळाले नाही. आमच्या वहिनींना मिळाले आहे, आणि ते रोज कोणाला द्यावे लागू नये.

गणपती बाप्पा मोरया!