सहा आठवड्यांची बाटली, सहा मिनिटांचा श्वास

इडलीचं पीठ आंबलं की नाही, हे आई झाकण बाजूला करून बघत नाही, हुंगते. "अजून तासभर," म्हणते आणि तासाभराने पीठ बरोबर फुगलेलं असतं. पिठातले बॅक्टेरिया साखर खातात, आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि आईचं नाक त्याचा हिशोब ठेवतं.

हे नाक आठवायचं कारण २०१६ सालचं आहे. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आम्ही घाटकोपरला भटवाडीत दहा बाय बाराच्या खोलीत राहत होतो आणि आई पोळी-भाजीचे डबे करायची. तीन आठवडे खोकला गेला नाही, संध्याकाळी ताप यायला लागला आणि बेडक्याच्या तपासणीत टीबी निघाला. डबे बंद झाले. गिऱ्हाइकांना आईने सांगितलं, "कंबर धरलीय." शेजारच्या मावशींनाही तेच.

जीनएक्स्पर्ट मशिनने दोन तासांत सांगितलं होतं की टीबीच आहे आणि रिफॅम्पिसिन हे औषध लागू पडेल. पण त्या चाचणीत आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाचं काही कळत नाही. त्यासाठी थुंकी कल्चरला पाठवली. रिपोर्टला सहा आठवडे लागतील, असं सांगण्यात आलं. तोपर्यंत आई रोज गोळ्या गिळत होती आणि त्यातली एक गोळी कदाचित नुसती खडूची होती, असा माझा हिशोब चालायचा. एक औषध निकामी असेल, तर उरलेल्यांवर भार येतो आणि जंतू हळूहळू त्यांनाही दाद देईनासे होतात.

ही भीती मुंबईत हवेतून आलेली नव्हती. १९९१ मध्ये डॉ. मुकुंद उपलेकर यांनी सहकाऱ्यासोबत एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईतल्या सुमारे १०० खाजगी डॉक्टरांना टीबीवर काय द्याल, असं विचारलं, तर ८० वेगवेगळे औषधोपचार समोर आले. वीस वर्षांनी, डिसेंबर २०११ मध्ये, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचं एक पत्र वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्यात चार रुग्ण होते आणि तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूंना लागू पडत नव्हतं. त्या प्रकाराला काय नाव द्यायचं यावर सरकारशी वाद झाला. जंतूंना त्या वादाशी काही देणंघेणं नव्हतं.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत रात्री मोबाइलवर एकच प्रश्न शोधत होतो: इतका वेळ का लागतो? उत्तर सोपं आहे. टीबीचा जंतू भयंकर आळशी असतो. साधे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला जवळजवळ एक दिवस लागतो. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू जगासमोर ठेवला, त्याआधी तो वाढवायला त्यांनाही आठवडेच मोजावे लागले होते.

मग दुसरा प्रश्न आला. जंतू वाढायची वाट बघण्याऐवजी तो जे सोडतो तेच पकडलं तर?

ही कल्पना फार जुनी आहे. क्षयरोग्याची थुंकी निखाऱ्यावर टाकून येणाऱ्या वासावरून त्याचं भवितव्य सांगायची रीत हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत आहे. फुप्फुसात छळणारा स्यूडोमोनास हा जंतू प्लेटवर वाढला की द्राक्षांसारखा वास येतो, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या पिढ्यांना ठाऊक आहे. तो वास दोन-अमिनोअॅसिटोफेनोन या रेणूचा असतो. शिवाय हा जंतू हायड्रोजन सायनाइडही सोडतो. अर्थात, आज प्लेट हुंगणं धोक्याचं मानलं जातं.

नाकाची जागा यंत्राने घेतली. १९७१ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी माणसाचा श्वास थंड करून साठवला, गॅस क्रोमॅटोग्राफमधून सोडला आणि त्यात सुमारे २५० वेगवेगळी द्रव्यं असल्याचं दाखवलं. २००८ मध्ये न्यूझीलंडच्या सिहरे आणि चेंबर्स यांनी टीबीच्या जंतूंच्या कल्चरवरची हवा तपासली आणि मिथाइल निकोटिनेटसह चार रेणूंची खूण सांगितली. टांझानियात अपोपो ही संस्था मोठ्या पिशवीगाली उंदरांना थुंकीचे नमुने हुंगायला शिकवते. उंदराने ज्या नमुन्यावर थांबून खूण केली, तो माणसं पुन्हा तपासतात.

आणि २०१२ मध्ये मुंबईचं नाव या गोष्टीत येतं. अमेरिकेतले मायकेल फिलिप्स यांच्या सहा मिनिटांच्या श्वास-चाचणीचा अभ्यास फिलिपिन्स, ब्रिटन आणि भारतात झाला. त्याच्या लेखकांत उदवाडिया आहेत. ज्या शहरात औषधं हरलेले रुग्ण नोंदले गेले, तिथलाच डॉक्टर फुंकर मारून टीबी ओळखता येईल का, हेही बघत होता.

इथे मला वाटलं, आता जिंकलो. पुढे नोकरीत मॉडेलं हाताळायला लागल्यावर उत्साह जरा उतरला. श्वासात फक्त जंतू नसतो. सकाळचा कांदा असतो, सिगारेट असते, घेतलेल्या गोळ्या असतात, खोलीतल्या फिनाइलचा वासही असतो. आजारी माणसांचे नमुने एका वॉर्डात आणि निरोग्यांचे दुसऱ्या इमारतीत घेतले, तर मॉडेल टीबी शिकत नाही, इमारत शिकतं. एका अभ्यासात सापडलेले रेणू दुसऱ्यात सापडतीलच असं नाही. आणि फिलिप्स यांची चाचणी टीबी आहे की नाही एवढंच शोधत होती. कोणतं औषध चालेल, हा माझा प्रश्न तिने सुटला नसता.

घाईची किंमत आपण मोजलेली आहे. टीबीसाठी रक्ताच्या झटपट चाचण्या वर्षानुवर्षं विकल्या गेल्या. त्या चुकीचे निकाल देतात म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नका असं सांगितलं आणि जून २०१२ मध्ये भारताने त्यांवर बंदी घातली. किती घरांत नसलेल्या टीबीच्या गोळ्या चालू झाल्या असतील आणि किती घरांत असलेला टीबी नाही म्हणून सोडून दिला असेल!

या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त धक्का दिला तो आईच्या बाटलीने. थुंकी ज्या द्रव कल्चरमध्ये घालतात, त्या नळीच्या तळाशी एक रसायन असतं. प्राणवायू आसपास असेल तोवर ते विझलेलं राहतं. जंतू वाढले, त्यांनी प्राणवायू संपवला, की अतिनील प्रकाशात ते चमकायला लागतं. यंत्र हे तासातासाला बघत असतं आणि ४२ दिवसांत काहीच चमकलं नाही तर हार मानतं. त्याआधीच्या बॅक्टेक ४६० या यंत्रात तर जंतूंना किरणोत्सारी कार्बन असलेलं स्निग्ध आम्ल खायला घालत आणि ते खाऊन त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू सुईने ओढून मोजत. मग औषध घातलेल्या बाटलीतही वायू येत राहिला, तर औषध हरलं.

म्हणजे ज्या तंत्राला मी भविष्य समजत होतो, त्याचा एक साधा भाऊ आधीपासून कामाला होता. आईच्या जंतूंचा श्वास कुठल्यातरी बाटलीत मोजला जात होता, फक्त त्यांना श्वास घ्यायची घाई नव्हती.

रिपोर्ट पस्तिसाव्या दिवशी आला. आयसोनियाझिड चालत होतं. आई रिपोर्टकडे न बघता म्हणाली, "मग आता डबे कधी सुरू करू?" सहा महिन्यांनी गोळ्या संपल्या. आठवड्याभरात तिने पहिलं पीठ भिजवलं. रात्री झाकण बाजूला करून हुंगलं आणि म्हणाली, "अजून तासभर." तोपर्यंत आम्ही दोघं जागेच राहिलो.