आधी नेम, मग वेग

वेस्टर्न पिक्चरमधला तो सीन आठवा. धुळीचा रस्ता, दोन काऊबॉय समोरासमोर, कंबरेजवळचा हात विजेसारखा हलतो आणि एकजण आडवा! नेम धरत बसायला वेळ कुणाला? १९५० च्या दशकात अमेरिकन टीव्हीवर अशा मालिकांचं पेव फुटलं होतं ('गनस्मोक' १९५५ ला सुरू झाली), आणि झटपट पिस्तूल उपसायचं वेडही तेव्हाच पसरलं.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर लेकला जेफ कूपर नावाचा माजी मरीन अधिकारी 'लेदरस्लॅप' नावाची स्पर्धा भरवायचा. २१ फुटांवर १८ इंची फुगे. दोघांनी एकदम पिस्तूल उपसायचं, ज्याचे फुगे आधी फुटतील तो जिंकला. बहुतेक गडी कंबरेवरूनच धाडधाड गोळ्या झाडायचे. १९५९ साली जॅक वीव्हर नावाच्या एका डेप्युटी शेरीफने मात्र सरळ दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर डोळ्यांसमोर आणलं, नेम धरला आणि फुगे फोडले. म्हणजे बघा, ज्याने 'वेळ घालवला' तोच पहिला आला!

आता जरा गणित करू (सवय, दुसरं काय). २१ फूट म्हणजे ६.४ मीटर. कंबरेवरून झाडताना नळी फक्त ३ अंशांनी चुकली तरी गोळी ३४ सेंटिमीटर बाजूला जाते. फुग्याची त्रिज्या २३, म्हणजे फुगा शाबूत. उलट, पिस्तुलावरच्या पुढच्या-मागच्या साइटमध्ये १५ सेंटिमीटर अंतर धरा आणि जुळवताना चक्क १ मिलिमीटरची चूक करा. गोळी हुकते जेमतेम ४ सेंटिमीटर! म्हणजे डोळ्यांसमोर आणून घाईघाईत धरलेला नेमसुद्धा पुरतो.

पण यात एक मेख आहे. घाबरलेला माणूस चापाला हिसका देतो, आणि गोळी सुटायच्या ऐन क्षणी नळी हलते. मग साइट कितीही छान जुळलेली असो, तेच ३ अंश मागच्या दाराने परत येतात. म्हणून पक्की पकड, साइटवर नजर आणि चापावर हळूहळू वाढणारा दाब, ही तीन बाळबोध कामं आधी अंगात मुरायला हवीत. जीव धोक्यात असताना डोकं चालत नाही, अंगवळणी पडलेलंच कामाला येतं.

विरुद्ध बाजूही ऐकली पाहिजे. शांघाय म्युनिसिपल पोलिसांत १९०७ साली दाखल झालेल्या विल्यम फेअरबेर्नने एरिक साइक्ससोबत १९४२ साली पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की अंधाऱ्या बोळात, हातभर अंतरावर साइट बघायला वेळच मिळत नाही. खरंय! पण तो सराव नको म्हणत नव्हता, उलट कसून सराव करून घ्यायचा. अंतर वाढलं की मात्र त्यालाही पिस्तूल नजरेच्या रेषेत आणावंच लागे.

वीव्हरची पद्धत पाहून कूपरने आपलं सगळं शिक्षण नव्याने बांधलं. १९७६ साली त्याने अॅरिझोनात शाळा काढली, जी पुढे 'गनसाइट' म्हणून ओळखली गेली. त्याच वर्षी प्रॅक्टिकल शूटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना सुरू झाली, पहिला अध्यक्ष कूपरच. तिच्या लॅटिन ब्रीदवाक्यात तीन शब्द आहेत: अचूकता, ताकद, वेग. वेग शेवटी, हे लक्षात घ्या.

आणि हे फक्त जिंकण्या-हरण्यापुरतं नाही. फुगा हुकला तर हसतील लोक. स्वसंरक्षणासाठी झाडलेली गोळी हुकली तर ती थांबत नाही, भिंतीपलीकडे, रस्त्यावर, कुणाच्या तरी पोराच्या दिशेने जात राहते. आमच्या धंद्यात चुकलेला कोड मागे घेता येतो, गोळी नाही. म्हणूनच कूपरच्या सुरक्षेच्या चार नियमांपैकी एक असा आहे: साइट लक्ष्यावर येईपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. आणि दुसरा: लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा.

पिक्चरमधल्या काऊबॉयला हे नियम लागू नसतात. त्याच्या मागे फक्त कॅमेरा असतो.