होमब्रू : टीव्ही गेमसाठी स्वतःचा खेळ घडविताना

गेम कन्सोल हा दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळ खेळण्यासाठी बनविलेला संगणकच होय. मात्र घरच्या संगणकावर कोणालाही स्वतःचा प्रोग्राम चालविता येतो, तर बहुतेक कन्सोलवर निर्मात्याने मान्यता दिलेलेच खेळ चालावेत, अशी योजना असते. ही मान्यता न घेता हौशी प्रोग्रामरने स्वतः लिहिलेल्या खेळास ‘होमब्रू’ म्हणतात. विकाऊ खेळांच्या चोरट्या प्रती काढणे ही अगदी निराळी गोष्ट आहे. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे हा छंद अनेकदा नाहक बदनाम होतो.

महाराष्ट्रात १९९० च्या दशकात अनेक घरांत स्वस्त ‘टीव्ही गेम’ आले. त्यांतील काडतुसाला सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाई. यांपैकी बहुतेक यंत्रे निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ मधील ‘फॅमिकॉम’ची नक्कल होती. वसई-विरारमधील एखाद्या घराच्या माळ्यावर असे यंत्र पडून असल्यास नवशिक्याला तेही उपयोगी पडू शकते. अमेरिकेत १९८५ मध्ये आलेल्या आवृत्तीत अनधिकृत काडतुसे रोखणारी चिप होती. मूळ फॅमिकॉममध्ये ती नव्हती आणि नकलांमध्येही सहसा नसते. त्यामुळे कोणतेही कुलूप न तोडता स्वतःचा प्रोग्राम चालविता येतो.

या यंत्राचा प्रोसेसर ‘६५०२’ या चिपवर बेतलेला असून त्याचा वेग सुमारे १.७९ मेगाहर्ट्झ आहे. कामासाठीची स्मृती अवघी २ किलोबाइट असते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसविलेला होता. प्रोग्राम असेम्ब्ली भाषेत किंवा ‘सीसी६५’ या मोफत कंपायलरच्या साह्याने सी भाषेत लिहितात. पडद्यावरील चित्र ८ × ८ बिंदूंच्या चौकटींतून उभे राहते. ते बदलण्याचे काम दोन चित्रांमधील अत्यल्प अवकाशात उरकावे लागते, अन्यथा चित्र विस्कटते.

मराठी अक्षरांची अडचण येथेच जाणवते. शिरोरेषा, अक्षर आणि वर-खालच्या मात्रा आठ ओळींत सुवाच्य बसत नाहीत. एकेका अक्षराला दोन वा अधिक चौकटी लागतात आणि पार्श्वभूमीच्या २५६ चौकटी झपाट्याने संपतात. म्हणून खेळातील मजकूर आधी निश्चित करून त्यात येणारी अक्षरेच रेखाटणे श्रेयस्कर ठरते.

प्रोग्राम प्रथम संगणकावरील एम्युलेटरवर तपासतात. नंतर स्मृतिकार्डाचे काडतूस वापरून तो प्रत्यक्ष यंत्रावर चालवितात. फॅमिकॉमचे काडतूस ६० पिनांचे, तर अमेरिकन आवृत्तीचे ७२ पिनांचे असते, हे खरेदीपूर्वी पाहावे. सुट्या भागांसाठी ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोडचा बाजार विरारहून लोकलने गाठता येतो.

नव्या कन्सोलबाबत मात्र कायद्याचे भान हवे. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये कायदेशीररीत्या मिळविलेल्या प्रोग्रामचे कार्य अभ्यासण्यास काही सवलती आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार, प्रताधिकारभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंडाची तरतूद आहे. शिवाय कुलूप तोडल्यास निर्मात्याची ऑनलाइन सेवा बंद होण्याचा धोका असतोच.

काही निर्मात्यांनी हौशींसाठी स्वतःहून दार उघडले होते. सोनीने १९९७ मध्ये पाश्चात्त्य देशांत विकलेल्या ‘नेट यारोझे’ या काळ्या प्लेस्टेशनवर सी भाषेत खेळ लिहिता येत. व्यावसायिक मार्ग परवान्याचा आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला, तो याच मार्गाने.

नवशिक्याने मोठा खेळ हाती न घेता, बटण दाबताच पडद्यावर एक चौकोन सरकविण्यापासून आरंभ करावा. एवढ्यानेही यंत्राच्या अंतरंगाची पुष्कळ ओळख होते.