नमुन्यांची वही

गेल्या पावसाळ्यात माझी धाकटी जाऊ लेकीला घेऊन राऊला आमच्याकडे राहायला आली होती. लेक नववीत, सीबीएसईच्या शाळेत. दोघी मायलेकी दोन दिवस जेवणाच्या टेबलावर रंगीत कागद, डिंक, चकमकीची टिकली घेऊन बसलेल्या. विचारलं, तर जाऊ म्हणाली, "वहिनी, पोर्टफोलिओ द्यायचाय. पाच मार्कं आहेत."

मी ती फाईल चाळली. छान होती. टाईप केलेली पानं, इंटरनेटवरून काढलेली चित्रं, वर चमचमणारं कव्हर. मी पोरीला सहज म्हटलं, "बाई गं, यातलं तुझं पान कोणतं?" ती आईकडे बघायला लागली. जाऊ थोडी ओशाळली आणि मलाच अपराध्यासारखं वाटलं. कारण हे पाप मीही केलंय. ते पुढे सांगते.

सीबीएसईने २०१९-२० पासून नववी-दहावीच्या प्रत्येक विषयाच्या वीस अंतर्गत गुणांपैकी पाच या पोर्टफोलिओला दिले. शब्द परका, पण गोष्ट आपल्या ओळखीची. मुलाने वर्षभर केलेलं काम जपून ठेवायचं आणि ते बघून तो काय शिकला हे ठरवायचं. आपल्याकडे 'दप्तर' म्हणजे शाळेची पिशवी आणि दप्तर म्हणजे सरकारी कागदपत्रांचा साठाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे रुमाल बांधून ठेवले आहेत. मुलाच्या पाठीवरही त्याच्या शिकण्याचा दस्तऐवजच असतो म्हणायचा.

असा एक दस्तऐवज तर १८५५ सालचा आहे. ज्योतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिचं शिक्षण जेमतेम तीन वर्षांचं. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे तिने त्यात लिहिलं. त्या शाळेत काय शिकवत होते, हे त्या निबंधाइतकं स्पष्ट कुठल्या दाखल्याने सांगितलं असतं? ते वाक्य तिच्यासाठी दुसरं कोणी लिहूच शकलं नसतं.

आमच्या इंदूरचं उदाहरण मला जास्त जवळचं. होळकरांच्या राज्यात १९२७ साली दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी इथे चित्रकलेची शाळा काढली. नारायण श्रीधर बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर ही त्यांची शिष्यमंडळी. मकबूल फिदा हुसेनही काही काळ तिथे शिकले. बेंद्रे इंदूरचेच, जन्म १९१०चा. त्यांनी १९३३ साली मुंबईची गव्हर्नमेंट डिप्लोमा परीक्षा पार केली. पुढे बडोद्याला शिकवलं, पद्मभूषण झाले.

चित्र शिकणाऱ्याचं सगळं शिक्षण त्याच्या कागदांच्या गठ्ठ्यात असतं. घागर काढ, पुन्हा काढ. माणसाचा हात काढ, बोटं आखूड झाली, परत काढ. झाडाची सावली आज चुकली, उद्या बाहेर जाऊन पुन्हा बघ. शंभर कागद झाले की पहिला आणि शंभरावा शेजारी ठेवायचा. मधल्या काळात हात कसा तयार झाला ते कोणालाही दिसतं, मार्कं सांगावी लागत नाहीत. पण त्यासाठी तो पहिला वेडावाकडा कागद फाडून टाकलेला नसावा लागतो. आपण आया नेमकं तेच करतो. वाईट पान फाडतो, "नीट लिही" म्हणतो आणि शेवटी फाईलमध्ये फक्त नीट पानं उरतात. मूल कुठून कुठे आलं, हे त्यातून कळायचं कसं?

त्यानंतर दहा वर्षांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने नयी तालीमचा आराखडा केला. हाताने काम करायचं आणि त्यातून गणित, भूगोल, भाषा शिकायची. त्यात सूतकताई मुख्य. कातलेल्या सुताचा हिशोब असा, की चार फुटांचा एक तार आणि सहाशेचाळीस तारांची एक गुंडी. सूत सारखं आहे का, तुटतं का, किती बारीक आहे, हे हाताला कळतं. कच्च्या हाताचं सूत लगेच उघडं पडतं. शाळा सुताच्याच हिशोबात अडकेल, अशी टीका तेव्हाही झाली आणि ती खोटी नव्हती. नुसत्या गुंड्या मोजल्या तर तेही पाच मार्कांसारखंच. कातताना पोराला काय समजलं, ते विचारणारा मास्तर हवाच.

आता माझं. आम्हाला शाळेत शिवणकाम होतं. धावदोरा, उलटी टीप, हेम, काज, ठिगळ, रफू. एकेक नमुना कापडाच्या तुकड्यावर करून वहीत चिकटवायचा. मला कादंबऱ्या वाचायच्या असत. वर्ष संपत आलं आणि वही कोरी. ताईची दोन वर्षांपूर्वीची वही माळ्यावर होती. मी तिचे नमुने अलगद उसवून माझ्या वहीत लावले. बाईंनी ती वही सगळ्या वर्गाला दाखवली. वर्गात पहिले मार्कं मला. ताईने घरी बघितलं, पण आईला सांगितलं नाही.

लग्नानंतर सासूबाईंनी पहिल्यांदा ब्लाऊजला काजं करायला दिली तेव्हा मी रडले. आजही माझं काज वाकडंच येतं. मार्कं कधीच विसरली गेली, पण न आलेलं काम तीस वर्षं सोबत राहिलं. ताईची वही मात्र माझ्यामुळे फाटली. तिच्या हाताचा तेवढाच पुरावा होता. ती दहावीनंतर शिकली नाही.

हे सगळं मी त्या रात्री पोरीला आणि जावेला सांगितलं. जाऊ हसली, मग गप्प झाली.

आपल्या ग्रंथभांडारात हातानं लिहिलेल्या पोथ्या वेष्टनात बांधून ठेवलेल्या असतात. पुष्कळ पोथ्यांच्या शेवटच्या पानावर लिहिणारा आपलं नाव, तिथी, गाव लिहितो आणि लिहिण्यात काही चुकलं असेल तर क्षमा मागतो. मुलांच्या फाईललाही एवढंच पुरे, असं मला वाटतं. नाव, तारीख आणि इथे चुकलं होतं, ही कबुली.

दुसऱ्या दिवशी पोरगी विज्ञानाची जुनी वही काढून बसली. सर्किटची तिची पहिली आकृती चुकलेली होती, बाणही उलटे. ती तिने तशीच कापून फाईलमध्ये लावली, शेजारी बरोबर आकृती काढली आणि खाली पेन्सिलीने तारीख टाकली. "काकू, मार्कं कापतील का गं?" म्हणाली.

"कापतील कदाचित," मी म्हटलं. "राहू दे."

त्या महिन्यात मी ताईला फोन केला. इतक्या वर्षांनी क्षमा मागितली. ती म्हणाली, "अगं, मला वाटलं तू विसरलीस." मग म्हणाली, "ये एकदा, काज शिकवते."