बाळापूर ते मुंबई : अंतर व विमानप्रवासाचा वेळ

मन आणि म्हैस नद्यांच्या काठी किल्ला मिरवणाऱ्या बाळापूरहून (जि. अकोला) पश्चिमेकडील मुंबईचे विमान गाठायचे, तर आधी पूर्वेला जावे लागते. अकोल्याची शिवणी येथील धावपट्टी जवळची. पण तेथून नियमित प्रवासी विमानसेवा नाही. अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी विमानसेवा १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाली. एटीआर-७२ विमानाला सुमारे पावणेदोन तास लागतात. बेलोऱ्यापर्यंतच्या शंभराहून अधिक किलोमीटरच्या रस्त्यावरच जवळपास तेवढा वेळ जातो, हे विमानाच्या वेळापत्रकात अर्थातच नसते. रेल्वेने अकोला-मुंबई अंतर सुमारे ५८० किलोमीटर आहे. रात्री अकोल्यात विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलेला प्रवासी सकाळी मुंबईत उतरतो.