शिष्यवृत्तीचे ऋण

अमेरिकेतील काही विद्यापीठांत एक चांगली चाल आहे. कृष्णवर्णीय समाजासाठी ज्या विद्यार्थ्यांनी खस्ता खाल्ल्या, त्यांना समारंभपूर्वक पारितोषिक देतात. परीक्षेतले गुण तेथे मोजत नाहीत. शिकता शिकता तू आपल्या माणसांसाठी काय केलेस, एवढेच विचारतात. हे वाचनात आले तेव्हा मला आपल्या महाराष्ट्राचीच आठवण झाली. कारण त्या लोकांशी आपला ऋणानुबंध जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतल्या सज्जनांना, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवले म्हणून. पुण्यात बसून इतक्या दूरचे पाहणारा माणूस!

आमचे मंगरूळपीर हे तालुक्याचे गाव. दादा हयात कलंदरांचा दर्गा आणि बिरबलनाथांची यात्रा यांसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध. शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे येते. एकदा एका मुलाने विचारले, “गुरुजी, हे पैसे घेतले म्हणजे पुढे फेडावे लागतात का?” मी त्याला ‘नाही’ म्हणालो खरा, पण मग वर्गाला बाबासाहेबांच्या करारनाम्याची गोष्ट सांगितल्यावाचून राहवले नाही.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. अट एकच : परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी. त्याच फेब्रुवारीत वडील वारलेले. बावीस वर्षांच्या तरुणाने सही केली आणि जुलैत न्यूयॉर्क गाठले. तेथे कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन आणि ड्युई यांच्यासारखे गुरू लाभले. विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम; कृष्णवर्णीय लोकांची वस्ती तेथे त्याच वर्षांत वाढत होती. १९१५ साली एम. ए. झाले. पुढल्या वर्षी मे महिन्यात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. म्हणजे परक्या मुलखातही अभ्यासाचा विषय घरच्याच दुखण्याचा. माझ्या मते सेवा येथूनच सुरू झाली, सभा-परिषदा पुष्कळ नंतरच्या.

१९१७ साली करार पाळायला ते बडोद्यास गेले. पुढे काय झाले ते बहुतेकांनी वाचलेले असेल. कचेरीतले शिपाई फायली दुरून फेकत. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. ज्या संस्थानाने शिकायला धाडले, त्याच्याच राजधानीत या विद्वानाला डोके टेकायला छप्पर मिळाले नाही. महाराजांचे मन मोठे होते, यात शंका नाही; पण राजाचे मन मोठे असले म्हणून शहराचे होते असे नाही.

दहा वर्षांची चाकरी तेथेच संपली. कागदावर पाहिले तर करार मोडला. पण त्या विद्येचे पुढे काय झाले? १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी पत्करली आणि पगारातून शिल्लक टाकून पुन्हा विलायत गाठली. जाण्यापूर्वी १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ काढले. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली आणि लगेच १९२५ साली सोलापुरास तिचे वसतिगृह निघाले. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज. त्याच वर्षी त्यांनी ड्यू बॉईस या कृष्णवर्णीयांच्या पुढाऱ्याला पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या त्यांच्या अर्जाची प्रत मागवली. जुलैअखेर ड्यू बॉईस यांचे आपुलकीचे उत्तरही आले.

१९५२ च्या आरंभी मुंबईत लोकसभेच्या निवडणुकीत हाच माणूस पडला, आणि ५ जूनला कोलंबियाने त्याला बोलावून एलएल. डी. ही सन्मान्य पदवी दिली. मानपत्रात समाजसुधारक आणि मानवी हक्कांचा कैवारी म्हणून गौरव होता. विद्यापीठ सोडल्याला छत्तीस वर्षे झाली होती. आपल्याकडचे पहिले विद्यापीठ पुढे आले ते हैदराबादचे उस्मानिया, १९५३ च्या जानेवारीत. मुंबई विद्यापीठाचे ते पदवीधर. त्याला हे सुचले नाही, याची मला अजून चुटपूट लागते.

विद्यापीठाची पायरी न चढताही शिकल्याचे ऋण फेडणारी माणसे आमच्या विदर्भात होऊन गेली, त्यांची नावे मात्र फारशी कोणी घेत नाही. उमरेडच्या जाईबाई चौधरी नागपूर-कामठीकडे ओझी वाहून पोट भरत. एका मिशनरी बाईने त्यांना लिहायला-वाचायला शिकवून शाळेत शिक्षिका केले. तेव्हा अस्पृश्य बाई आमच्या मुलांना शिकवते म्हणून पालकांनी ओरड केली आणि नोकरी सुटली. जाईबाई पुन्हा ओझ्याकडे वळल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली आणि शिकवायला स्वतः उभ्या राहिल्या.